मिशनची शाळा, पट २३

जून २०२२ मध्ये बँकेने माझी बदली पुण्याहून नेवासे तालुक्यातील एका शाखेत केली, तेव्हा माझी मुलगी दुसरीत जाणार होती. तिच्या पहिलीच्या वर्षाचा मोठा भाग करोनामुळे मोबाइलच्या पडद्यासमोर गेला होता आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे देवनागरी अक्षरे तिला ओळखू येत होती, पण सलग वाचता येत नव्हती. नव्या गावात जिल्हा परिषदेची शाळा होती, आठ किलोमीटरवर पिवळ्या बसने मुले नेणारी एक इंग्रजी शाळा होती, आणि आमच्या भाड्याच्या घरापासून पाच मिनिटांवर, चर्चच्या आवारात, पहिली ते चौथीची एक अनुदानित मराठी शाळा होती, जिला सारा गाव ‘मिशनची शाळा’ म्हणतो. या तिसऱ्या शाळेत मुलगी दोन वर्षे शिकली. शाळेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि जिथे दोनच शिक्षक आहेत तिथे कोणतीही उणीव लिहिली तरी ती कोणाच्या अंगावर जाते हे गावाला लगेच कळते.

नगर जिल्ह्यातील खेड्यांत अशा शाळा कशा आल्या, हे बाहेरून आलेल्या पालकाने थोडे जाणून घ्यावे असे मला वाटते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आपले ठाणे केले. सिंथिया फॅरार या शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या, आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की त्यांचेच नाव घेतले जाते. खेड्यात मात्र मिशनची शाळा म्हणजे बहुधा एक खोली आणि एक मास्तर. आठवडाभर तो शिकवी आणि रविवारी उपासनाही तोच घेई. ज्यांना दुसऱ्या शाळेच्या ओट्यावर बसू देत नसत त्यांची मुले या खोलीत बसत, आणि म्हणून ती अनेक ठिकाणी गावकुसाबाहेर असे. आमची शाळाही जुन्या महारवाड्याच्या टोकाला आहे. आज तिच्या सतरंजीवर मराठा, धनगर, मातंग, भिल्ल आणि ख्रिस्ती घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात. ख्रिस्ती घरांतली मुले यांत निम्मीही नाहीत.

शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार इयत्ता आहेत. मुख्याध्यापिका, ज्यांना मुलेच नव्हे तर त्यांचे आईबापही ‘बाई’ म्हणतात, पहिली आणि दुसरी सांभाळतात. सर तिसरी आणि चौथी घेतात. आम्ही प्रवेश घेतला तेव्हा हजेरीपटावर २३ मुले होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले जातात, त्यामुळे हिशेबाने ही शाळा श्रीमंतच म्हटली पाहिजे. परंतु त्या हिशेबात एका शिक्षकासमोर एकाच वेळी दोन वेगवेगळी पुस्तके उघडी असतात ही गोष्ट दिसत नाही. मी पहिल्या दिवशी दारात उभी राहून पाहिले, तेव्हा बाई फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर पहिलीसाठी काना-मात्रांचे शब्द लिहीत होत्या आणि उजव्या अर्ध्या भागावर दुसरीसाठी हातच्याच्या बेरजा मांडून ठेवलेल्या होत्या. एका बाजूची मुले मोठ्याने वाचत असताना दुसऱ्या बाजूची मुले मान खाली घालून पाटीवर हिशेब करीत होती, आणि दहा-बारा मिनिटांनी दोन्ही बाजूंची कामे बदलली गेली. मला हा गोंधळ वाटला. पुढच्या तीन महिन्यांत माझे मत पूर्ण बदलले, आणि ते का बदलले हेच मला या लेखात मुख्यतः सांगायचे आहे.

माझी मुलगी गणितात दुसरीची होती आणि मराठी वाचनात पहिलीच्याही मागे होती. पुण्याच्या ४८ मुलांच्या वर्गात याचे दोनच मार्ग होते: खासगी शिकवणी लावणे किंवा तिला वर्गात गप्प बसून राहू देणे. येथे बाईंनी कोणतीही चर्चा न करता तिला मराठीच्या तासाला सतरंजीच्या डाव्या टोकाला, पहिलीच्या मुलांत बसवले आणि गणिताला परत उजवीकडे आणले. दोन इयत्ता एकाच खोलीत असल्यामुळे तिला खालच्या वर्गात ‘पाठवले’ असे कोणालाच वाटले नाही. ती फक्त चार हात सरकून बसली होती. दुसरीचा एक मुलगा तर वजाबाकी पक्की नाही म्हणून नेमका गणिताच्या तासाला डावीकडे सरकत असे. दसऱ्यापर्यंत ती अडखळत का होईना परिच्छेद वाचू लागली, आणि दिवाळीनंतर बाईंनी पहिलीत नव्याने आलेल्या एका मुलीला बाराखडी वाचून दाखवण्याचे काम तिच्याकडे दिले. जिला स्वतःला चार महिन्यांपूर्वी ‘क्य’ आणि ‘र्क’ यांत फरक कळत नव्हता, ती त्या मुलीला तो समजावून सांगत होती, आणि समजावताना तो तिचा कायमचा पक्का झाला. लहान पटाचे कौतुक करताना लोक ‘वैयक्तिक लक्ष’ असा शब्द वापरतात. माझ्या अनुभवाप्रमाणे खरा लाभ इयत्तांच्या मधली भिंत नसण्याचा आहे, आणि पट मोठा असता तर ती भिंत आपोआप उभी राहिली असती.

गणिताविषयी एक वेगळी नोंद केली पाहिजे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, त्यावर बराच वाद झाला, आणि अनेक पालकांच्या मनात त्याविषयी अजून अढी आहे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलीला मात्र या पद्धतीचा फायदाच झाला, कारण ‘सत्तर आठ’ म्हटल्यावर आकडे कसे लिहायचे हे तिला लगेच कळे. बाई दोन्ही नावे म्हणून घेत. मी एकदा कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, पुस्तकात नव्वद तीन आहे, पण उद्या ही तुमच्या बँकेच्या खिडकीपाशी आली तर तुम्ही तिला त्र्याण्णवच सांगणार ना?” पाढे रोज शेवटच्या तासाला चारही इयत्तांनी एकत्र म्हणायचे असतात, त्यामुळे दुसरीच्या मुलांच्या कानावर चौथीचे पाढे दोन वर्षे आधीच पडत असतात. माझी मुलगी अर्थ न कळताच सतराचा पाढा म्हणायला शिकली, ज्याचा उपयोग पुढे झाला की नाही हे सांगता येत नाही, परंतु आजीपुढे तिने तो बराच मिरवला.

आता शाळा लहान असण्याचा तोटा. तिसरीत माझ्या मुलीबरोबर चार मुले होती, त्यांत मुलगी एकच, आणि ती मुलगी आजारी असली की माझ्या मुलीला दिवसभर मैत्रीण नसे. दोघींचे भांडण झाले तर दुसऱ्या गटात जाण्याची सोय नव्हती, कारण दुसरा गटच नव्हता. खो-खोच्या एका संघाला मैदानात नऊ खेळाडू लागतात. येथे पहिलीपासून चौथीपर्यंतची मुले एकत्र केली तेव्हा कुठे दोन संघ उभे राहत, आणि पहिलीतले भिडू प्रत्येक वेळी बाद होऊन रडत. तालुक्याच्या स्पर्धांना शाळा वैयक्तिक धावण्यापलीकडे कशातही भाग घेत नसे. ऊसतोडीच्या हंगामात हे चित्र थोडे पालटते. कारखान्याचे गाळप सुरू झाले की बीडकडून टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या शाळेमागच्या माळावर पडतात, आणि त्यांच्यातली चार-सहा मुले स्थलांतरित मुलांना मिळणारे शिक्षण हमी कार्ड घेऊन, किंवा नुसतीच, वर्गात येऊन बसतात. बाई त्यांच्यासाठी पाट्यांचा एक वेगळा गठ्ठा कपाटात ठेवतात. या मुलांना मधल्या चार महिन्यांपुरते सामावून घेण्यात ही शाळा इतकी सराईत आहे की नव्या मुलाला पहिल्या दिवशी कोणी नावही विचारत नाही. त्याला आधी खिचडीची रांग दाखवली जाते. मार्चच्या सुमारास ती मुले निघून गेली की माझी मुलगी काही दिवस उदास असायची.

सर्वांत गंभीर उणीव अशी की ही सारी व्यवस्था दोन माणसांवर उभी आहे, आणि त्यांतले एक माणूस नसले की ती अर्धी होत नाही, संपते. १४ मार्च २०२३ पासून जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला, तो आठवडा शाळा बंदच होती, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पुढच्या वर्षी जानेवारीत मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणाचे काम सरांकडे आले, त्यानंतर लोकसभेच्या निवडणुकीची कामे आली, आणि मधल्या काळात बाई स्वतः शस्त्रक्रियेसाठी महिनाभराहून अधिक रजेवर होत्या. त्या महिन्यात एकट्या सरांसमोर चार इयत्ता होत्या. दोन इयत्तांना एकत्र शिकवणे हे कौशल्य आहे; चार इयत्तांना एकत्र सांभाळणे हे केवळ सांभाळणेच असते. मुलगी रोज घरी येऊन सांगे की आज ‘शुद्धलेखन’ झाले, आणि वही पाहिली की फळ्यावरून उतरवलेले तेच ते दहा ओळींचे लिखाण दिसे. संस्थेने तात्पुरता शिक्षक द्यावा म्हणून आम्ही काही पालक चर्चच्या पाळकांना भेटलो, त्यांनी आम्हाला चहा दिला, नगरच्या कार्यालयाला पत्र लिहितो असे सांगितले, आणि शिक्षक आला नाही. बाई टाके पुरते सुकण्याआधीच कामावर परतल्या, हा त्यांचा मोठेपणा झाला. ती संस्थेची व्यवस्था म्हणता येणार नाही.

धर्माचा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि दिनविशेष हे सगळ्या शाळांसारखेच असते, आणि त्यानंतर प्रभूची प्रार्थना म्हटली जाते. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास गोष्टींचा असतो आणि त्यात बायबलमधली एखादी गोष्ट सांगतात. कोणालाही चर्चमध्ये नेले जात नाही आणि घरी कसली पुस्तके पाठवली जात नाहीत; दोन वर्षांत आमच्या घराच्या देव्हाऱ्याविषयी एक शब्दही कोणी बोलले नाही. तरीही एक त्रुटी मला दाखवावीशी वाटते. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावायचे असेल तर पालकांची संमती लागते. प्रवेशाच्या वेळी आम्हाला अशी संमती विचारली गेली नाही. मी विषय काढल्यावर बाईंनी लगेच कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “तुम्हाला नको असेल तर नको लिहा, ती त्या वेळी माझ्याजवळ बसून चित्र काढेल.” त्यांच्या मनात काही नव्हते हे उघड होते, परंतु ज्या पालकाला हा अनुच्छेद ठाऊक नाही त्याच्यापुढे हा कागद कोणी ठेवत नाही, आणि तो प्रत्येकापुढे ठेवला गेला पाहिजे.

आम्ही संमती दिली. माझ्या आईला ते आवडले नव्हते. “अगं, शिकवतील चांगलं, पण पोरगी हातची जाईल,” असे ती पुण्याहून फोनवर म्हणाली होती. दिवाळीला ती गावी आली आणि सकाळी आवारावरून जाताना तिला टाळ-मृदंगाचा आवाज ऐकू आला, तेव्हा वारकऱ्यांचे भजन चालले आहे असे समजून ती हात जोडून उभी राहिली. आत चर्चमध्ये उपासना सुरू होती. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी आणि कीर्तन रुजवले, ते याच नगरच्या परिसरात राहून, त्यामुळे आईची चूक अगदीच समजण्यासारखी होती. त्याच मुक्कामात नातीने तिला पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत हजारो माणसे जेवल्याची गोष्ट सांगितली आणि भाकरी जवाच्या होत्या, बाजरीच्या नव्हे, हे बजावून सांगितले. आईने त्यावर द्रौपदीच्या थाळीची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या शनिवारी ती गोष्ट मुलीने वर्गात सांगितली. बाईंनी ती पूर्ण सांगू दिली. नाताळच्या कार्यक्रमात माझी मुलगी मेंढपाळ झाली होती. तिच्या खांद्यावरची घोंगडी वर्गातल्या धनगराच्या मुलाने घरून आणली होती, आणि नंतर पाळकांच्या घरी सगळ्यांना करंज्या आणि चकल्या मिळाल्या.

जेवण चांगले आहे. शालेय पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे या वयाच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देणारे अन्न मिळायला हवे, आणि त्यासाठी माणशी १०० ग्रॅम तांदूळ येतो. तेवीस मुलांचे पातेले लहान असते, म्हणून खिचडी करपत नाही, आणि शिजवणाऱ्या मावशी शेतातली मेथी किंवा शेवगा त्यात स्वतःहून टाकतात. नोव्हेंबर २०२३ नंतर सरकारने आठवड्यातून एकदा अंडे द्यायला सुरुवात केली आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे ठेवले; आमच्या शाकाहारी घरातील मुलीने यांपैकी काय खाल्ले हे मी विचारलेले नाही.

इमारतीविषयी चांगले लिहिणे कठीण आहे. भिंती दगडी आणि भक्कम आहेत, वर मंगलोरी कौले आहेत, आणि ती उन्हाळ्यात खोली गार ठेवतात, परंतु पावसाळ्यात तिसरीच्या बाजूला दोन बादल्या कायम ठेवलेल्या असतात. मुलींचे स्वच्छतागृह वेगळे आणि स्वच्छ आहे, मात्र एप्रिलमध्ये टाकीत पाणी नसते आणि मुलांना हातपंपावरून घागर भरून आणावी लागते. एक संगणक आहे. तो प्लास्टिकच्या आवरणाखाली असतो आणि १५ ऑगस्टला आवरण झटकले जाते. पुस्तके लोखंडी पेटीत असली तरी पेटीला कुलूप नसते, आणि मला ते संगणकापेक्षा अधिक मोलाचे वाटले. इंग्रजी हा विषय कच्चा आहे: मुले कविता पाठ म्हणतात, परंतु साधे वाक्य स्वतः जुळवू शकत नाहीत, आणि हे मी माझ्या मुलीची इंग्रजी दोन वर्षांत मागे पडताना पाहून लिहीत आहे.

खर्च जवळजवळ नाही. फी घेत नाहीत, पाठ्यपुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात, गणवेश मात्र स्वतः शिवून घ्यावा लागतो. ‘पंचवीस टक्क्यांत नंबर लागेल का’ असे जे पालक विचारतात त्यांनी लक्षात घ्यावे की ती राखीव प्रवेशाची तरतूद विनाअनुदानित शाळांसाठी आहे, आणि शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागूच होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची विनंती सरन्यायाधीशांना केली आहे. आमच्या शाळेत जागेची अडचण नाही; अडचण असलीच तर पट २० च्या खाली जाण्याची आहे, आणि बाई जूनमध्ये घरोघर फिरतात ते त्यासाठीच.

मी ही शाळा कोणाला सुचवेन? ज्याचे मूल वाचनात मागे पडले आहे, शाळेला घाबरले आहे किंवा मध्येच माध्यम बदलत आहे, त्याने पहिली-दुसरीसाठी ती निःशंक निवडावी. तिसरी-चौथीसाठी मी थोडा विचार करायला सांगेन, कारण त्या वयात मुलाला बरोबरीची अधिक मुले आणि अधिक चांगली इंग्रजी हवी असते, आणि चौथीनंतर शाळा संपत असल्यामुळे पाचवीला चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात एकदम साठ मुलांच्या वर्गात जावे लागते. पाहायला जायचे असेल तर सोमवारी परिपाठाच्या वेळी जावे, आगाऊ कळवू नये, आणि दोन्ही खोल्यांत शिक्षक उभे आहेत का ते पाहावे. एकच दिसले तर पंधरा दिवसांनी पुन्हा जावे, आणि तेव्हाही एकच दिसले तर जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालावे.